एसी बंद पडला, पण दोष हीटरमध्ये! अमेरिकेतल्या घरांत असं का होतं?

टेक्सास, ॲरिझोनासारख्या राज्यांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. नेमका तेव्हाच घरातला एसी बंद पडतो आणि तपासायला आलेला मेकॅनिक सांगतो, 'एसी ठीक आहे, फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गेलाय.' फर्नेस म्हणजे हिवाळ्यात घर गरम करणारी भट्टी. तिचा उन्हाळ्यातल्या गारव्याशी काय संबंध? मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना आणि तिथे नव्याने घर घेतलेल्यांनाही हा प्रश्न हमखास पडतो. समजून घेऊया.

भट्टी आणि एसीचा संबंध काय?

आपल्याकडच्या स्प्लिट एसीच्या घरातल्या युनिटमध्ये स्वतःचा पंखा आणि स्वतःचा सर्किट बोर्ड असतो. अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांत मात्र संपूर्ण घरासाठी एकच यंत्रणा असते. कॉम्प्रेसर घराबाहेर असतो. थंड होणारी कॉइल फर्नेसला जोडलेली असते आणि घरभर हवा फेकणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, फर्नेसच्या आत असतो. हिवाळ्यात गरम हवा आणि उन्हाळ्यात थंड हवा हाच ब्लोअर ढकलतो. त्याला चालू-बंद करणारा बोर्डही फर्नेसमध्येच असतो.

म्हणूनच 'आता थंडी संपली' म्हणून कुणी फर्नेसचं बटण बंद केलं, तर एसीही चालत नाही. हे बटण दिसायला दिव्याच्या बटणासारखंच असल्याने ते चुकूनही बंद होतं.

बोर्ड नेमकं काय करतो?

फर्नेसला १२० व्होल्टची वीज मिळते. आतला छोटा ट्रान्सफॉर्मर ती २४ व्होल्टवर आणतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट याच २४ व्होल्टवर आदेश देतो. तारांची ठरलेली नावं आहेत: 'आर' म्हणजे वीज, 'सी' परतीची तार, 'वाय' कूलिंग, 'जी' पंखा आणि 'डब्ल्यू' हीटिंग. कूलिंगचा आदेश आला की बोर्ड ब्लोअर सुरू करतो आणि 'वाय'चा सिग्नल बाहेरच्या युनिटकडे जातो. २४ व्होल्ट कुठेही तुटले, की एसी पूर्ण धडधाकट असूनही गप्प बसतो.

घरच्या घरी काय तपासता येईल?

१. थर्मोस्टॅट 'कूल'वर आहे का, बॅटरी संपली आहे का, हे बघा. तापमान खाली आणल्यावर पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ नये, अशी सोय बहुतेक यंत्रणांत असते.

२. ब्रेकर दोन असतात, एक फर्नेसचा आणि एक बाहेरच्या युनिटचा. दोन्ही बघा. ब्रेकर पुन्हा पडला, तर परत चढवू नका.

३. फर्नेसचं झाकण नीट बसलंय का? त्यामागे सुरक्षेचा स्विच असतो. फिल्टर बदलताना झाकण जरा सैल राहिलं, तरी वीज तुटते.

४. कॉइलखालच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय का? पाण्याची नळी तुंबली की फ्लोट स्विच यंत्रणा बंद करतो, म्हणजे छत किंवा जमीन भिजत नाही.

५. झाकणावरच्या छोट्या काचेतून बोर्डचा एलईडी दिसतो. तो किती वेळा लुकलुकतो याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्याचा अर्थ सांगणारा तक्ता बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. वीज बंद केल्यावर कोड पुसला जाऊ शकतो, म्हणून व्हिडिओ आधी काढा.

लक्षणं काय सांगतात?

थर्मोस्टॅटची स्क्रीन कोरी, काहीच चालत नाही: २४ व्होल्ट मिळत नसण्याची शक्यता. बऱ्याच बोर्डांवर गाडीत असतो तसा ३ किंवा ५ अँपिअरचा छोटा फ्यूज असतो. तो उडाला असेल, तर ब्रेकर बंद करून तेवढ्याच अँपिअरचा बसवता येतो. पुन्हा उडाला, तर तार कुठेतरी शॉर्ट आहे. बाहेरच्या युनिटकडे जाणारी तार गवत कापताना तुटते किंवा उंदीर कुरतडतात. मोठा फ्यूज लावणं हा उपाय नव्हे. त्यात ट्रान्सफॉर्मर जळतो.

आत हवा येते, बाहेरचं युनिट गप्प: 'वाय'ची तार, बाहेरचा कॉन्टॅक्टर किंवा कॅपॅसिटर यांवर संशय.

बाहेरचं युनिट चालू, आत हवा नाही: एसी लगेच बंद करा, नाहीतर कॉइलवर बर्फ जमेल. दोष ब्लोअरच्या मोटरमध्ये, तिच्या कॅपॅसिटरमध्ये किंवा बोर्डमध्ये असू शकतो.

'बोर्ड बदला' म्हटलं, तर काय विचारायचं?

खर्च वाचवणारे प्रश्न तीनच. 'आर' आणि 'सी'मध्ये २४ व्होल्ट मिळाले का? कूलिंग सुरू असताना 'वाय' आणि 'सी'मध्ये मिळाले का? बोर्ड ब्लोअरला वीज देतोय का? आदेश पोहोचूनही बोर्ड वीज देत नसेल, तर बोर्डावर संशय रास्त आहे. वीज देत असूनही मोटर फिरत नसेल, तर आधी मोटर तपासायला हवी. मीटर न लावता बोर्ड बदलणं म्हणजे अंदाजाचे पैसे मोजणं. शिवाय तार शॉर्टच राहिली, तर नव्या बोर्डचाही फ्यूज उडणार.

कशाला हात लावू नये?

वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार उरतो, त्याचा जबर झटका बसू शकतो. फर्नेसचे सुरक्षा स्विच तार जोडून 'बायपास' करू नका. आग आणि विषारी वायूपासून घर वाचवण्यासाठीच ते असतात. गॅसचा वास आला, तर कोणतंही बटण न दाबता बाहेर पडा आणि तिथून फोन करा. रेफ्रिजरंट भरणं हे प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञाचंच काम, तिथला कायदाच तसा आहे. घर भाड्याचं असेल, तर आधी मालकाला लेखी कळवा.

दुरुस्ती होईपर्यंत काय?

जुलै १९९५ मधल्या शिकागोच्या उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं. त्यामुळे घरात ज्येष्ठ किंवा तान्हं बाळ असेल, तर मेकॅनिकची वाट बघत उकाड्यात बसू नका. पडदे ओढा, खालच्या मजल्यावर राहा, थोडं थोडं पाणी पीत राहा. दुपार ग्रंथालयात, मॉलमध्ये किंवा ओळखीच्यांकडे काढा. बऱ्याच भागांत २११ वर फोन केल्यास जवळच्या 'कूलिंग सेंटर'ची माहिती मिळते. अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध होतंय किंवा शुद्ध हरपतेय असं दिसलं, तर थेट ९११ ला फोन करा.