स्वयंरोजगारी आरोग्य व्यावसायिक आणि आरोग्यविमा : निवड व आर्थिक नियोजन
(भंडारदरा परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश : इतरांच्या आजारपणात आधार देणारा खाजगी डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ वा औषधविक्रेता स्वतः आजारी पडल्यास त्याच्या खर्चाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या वर्गाने आरोग्यविमा कसा निवडावा व त्याचा खर्च कसा पेलावा, याचे विवेचन केले आहे. लेख द्वितीयक साधनांवर आधारित असून त्यातील हिशेबाची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेली आहेत.

बीजशब्द : आरोग्यविमा, स्वयंरोजगार, प्रतीक्षा कालावधी, कॅशलेस सेवा, जनआरोग्य योजना.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत भंडारदरा वसले आहे. प्रवरा नदीवरील १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, रंधा धबधबा आणि कळसूबाईचे शिखर यांमुळे हा परिसर पर्यटकांच्या परिचयाचा आहे. परंतु येथे वर्षभर राहणाऱ्या आदिवासी व शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने आरोग्यसेवा म्हणजे शासकीय आरोग्य केंद्र आणि शेंडी, राजूर, कोतूळ, अकोले येथील लहान खाजगी दवाखाने होत. गंभीर रुग्णास एका बाजूने अकोलेमार्गे संगमनेर वा लोणी, तर दुसऱ्या बाजूने घोटीमार्गे नाशिक गाठावे लागते.

हे दवाखाने चालविणारी व्यक्ती बहुधा एकटीच असते. तीच डॉक्टर, तीच व्यवस्थापक आणि तीच हिशेबनीस. तिचे उत्पन्न हंगामी असते. पावसाळ्यात व काजव्यांच्या दिवसांत पर्यटक येतात, स्थानिक रुग्णांची उधारी मात्र पुष्कळदा भात घरात आल्यावर फिटते. अशा व्यक्तीला आजार झाला तर दुहेरी हानी होते, कारण रुग्णालयाचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी दवाखाना बंद पडून उत्पन्न थांबते. या दोन हानी वेगळ्या असून त्यांवरील उपायही वेगळे आहेत, हे सूत्र या लेखाच्या मुळाशी आहे.

२. कोणत्याच यादीत नसलेला वर्ग

भारतातील सामाजिक सुरक्षेची रचना प्रामुख्याने दोन आधारांवर उभी राहिली : नोकरी आणि दारिद्र्य. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली, पण ती वेतन घेणाऱ्या कामगारांसाठी होती. केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ साली शासकीय कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेत प्रामुख्याने गरीब व वंचित कुटुंबे होती. दवाखाना चालविणारी व्यक्ती नोकरदारही नव्हे आणि दारिद्र्यरेषेखालचीही नव्हे. त्यामुळे ती दीर्घकाळ दोन्ही याद्यांच्या बाहेर राहिली.

या स्थितीचे परिणाम कोविडच्या काळात प्रकर्षाने दिसले. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस नवी मुंबई महापालिकेने खाजगी दवाखाने सुरू ठेवण्याचे आदेश काढले. तेथील एका खाजगी आयुर्वेदिक डॉक्टरांचे जून २०२० मध्ये कोविडने निधन झाले. त्यांची सेवा शासनाने रीतसर अधिग्रहित केली नव्हती, या कारणावरून पत्नीचा दावा अमान्य झाला आणि मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२५ रोजी निर्णय देताना, त्या काळातील कायदे व आदेश एकत्रित वाचता डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्या असे मानले. मात्र प्रत्येक दावा पुराव्याच्या आधारेच तपासला जाईल, असेही स्पष्ट केले. तत्त्व मान्य होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला. स्वयंरोजगारी व्यावसायिकाने केवळ शासकीय घोषणेवर विसंबून राहू नये, हा यातून मिळणारा धडा होय.

३. तीन रूढ गैरसमज

पहिला गैरसमज व्यावसायिक सौजन्याविषयीचा आहे. ‘डॉक्टर डॉक्टरकडून फी घेत नाही’ ही प्रथा आजही काही प्रमाणात जिवंत आहे. परंतु सूट मिळते ती बहुधा तपासणी वा शस्त्रक्रियेच्या मानधनात. अतिदक्षता विभाग, औषधे, तपासण्या व शरीरात बसविण्याची उपकरणे यांची आकारणी होतेच, आणि मोठ्या बिलाचा बराच भाग त्यांचाच असतो.

दुसरा गैरसमज व्यावसायिक दायित्व विम्यासंबंधीचा आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून अनेक डॉक्टर दायित्व विमा घेतात. तो रुग्णाने केलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण देतो. डॉक्टरच्या स्वतःच्या आजारपणाशी त्याचा काहीही संबंध नाही.

तिसरा गैरसमज ‘घरचाच दवाखाना आहे’ असा. अनेक पॉलिसींच्या व्याख्येनुसार उपचार करणारा वैद्यक हा विमाधारक स्वतः वा त्याचा निकटचा नातेवाईक असता कामा नये. शिवाय रुग्णालय नोंदणीकृत असावे, अन्यथा किमान खाटा, चोवीस तास परिचारिका व डॉक्टर, शस्त्रक्रियागृह या अटी त्याने पूर्ण कराव्यात अशी अपेक्षा असते. पतीने पत्नीवर स्वतःच्या चार खाटांच्या दवाखान्यात केलेल्या उपचारांचा दावा म्हणूनच अडचणीत येऊ शकतो.

४. पहिली पायरी : शासकीय योजना

महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये राज्य शासनाने तिची व्याप्ती वाढविण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील कुटुंबे योजनेत आली आणि संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्ष दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर गेली. ही सुधारित योजना १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. सत्तर वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचे संरक्षणही ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले.

म्हणजे पूर्वी यादीबाहेर असलेला व्यावसायिकही आता या योजनेस पात्र ठरू शकतो. शिधापत्रिका, आधार व कार्ड यांची पूर्तता आजारपणापूर्वीच करून ठेवावी. तथापि ही योजना ठरावीक उपचारांपुरती व अंगीकृत रुग्णालयांपुरती मर्यादित आहे. तिला पाया मानावे, संपूर्ण इमारत मानू नये.

५. खाजगी विमा निवडताना

भारतात ‘मेडिक्लेम’ हा विमा १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी आणला. १९९९ च्या कायद्यानंतर क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि पर्याय वाढले, त्याचबरोबर गोंधळही वाढला. निवड करताना पुढील मुद्दे निर्णायक ठरतात.

(अ) रुग्णालयांचे जाळे : कंपनीच्या यादीत देशभरातील किती हजार रुग्णालये आहेत यापेक्षा संगमनेर, लोणी, नाशिक येथील, आपण प्रत्यक्षात जाऊ अशी रुग्णालये आहेत काय, हे पाहावे. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर एका तासात, तर रुग्णास घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. पण ही सोय यादीतील रुग्णालयातच सुरळीत मिळते.

(आ) खोलीभाड्याची मर्यादा : ही अट सर्वाधिक दुर्लक्षित आहे. समजा, पॉलिसी ३ लाखांची असून खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दररोज ३,००० रुपये आहे. रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. एकूण बिल २ लाख : खोलीभाडे ३० हजार, डॉक्टर-शस्त्रक्रिया आदी शुल्क १ लाख २० हजार, औषधे व उपकरणे ५० हजार. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची असल्याने खोलीभाडे व शुल्क दोन्ही निम्मे होतात. कंपनी १५ हजार, ६० हजार व ५० हजार मिळून १ लाख २५ हजार देते. बिल विमा रकमेच्या आत असूनही ७५ हजार रुपये खिशातून जातात. औषधे व उपकरणांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, एवढाच दिलासा. शक्यतो ही मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी, अन्यथा खोली मर्यादेतच निवडावी.

(इ) प्रतीक्षा कालावधी : अपघात वगळता पहिले ३० दिवस संरक्षण नसते. हर्निया, मोतीबिंदू, खडे यांसारख्या विकारांसाठी व पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी अधिक काळ थांबावे लागते. २०२४ पासून पूर्वीच्या आजारांसाठी ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आली, ती आधी ४८ महिने होती. म्हणून विमा तरुणपणी घेणे हितकारक. कंपनी बदलायची झाल्यास २०११ पासून पोर्टेबिलिटीची सोय असून त्यामुळे पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी वाया जात नाही.

(ई) खरी माहिती : आरोग्य व्यावसायिकाची येथे विशेष अडचण होते. त्याचा रक्तदाब वा मधुमेह तो स्वतःच तपासतो, गोळी स्वतःच घेतो, कागद कोठेच नसतो. अर्जात ‘आजार नाही’ असे लिहिले जाते. पुढे रुग्णालयात दाखल होताना केसपेपरवर ‘सहा वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद होते आणि त्याच नोंदीच्या आधारे दावा नाकारला जातो. सलग ६० महिन्यांच्या संरक्षणानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. परंतु त्या तरतुदीच्या भरवशावर माहिती दडविणे अनुचित व धोक्याचे आहे. स्वतःच्या प्रकृतीचाही केसपेपर ठेवावा.

६. खर्च कसा पेलावा

एकाच मोठ्या पॉलिसीऐवजी मध्यम रकमेची मूळ पॉलिसी व तिच्यावर सुपर टॉप-अप ही रचना बहुधा स्वस्त पडते. यातील भेद ध्यानी घ्यावा. समजा, वजावटीची मर्यादा ५ लाख असून वर्षात ३ व ४ लाखांची दोन आजारपणे झाली. साधा टॉप-अप प्रत्येक आजारपण स्वतंत्र मोजत असल्याने काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज ७ लाख धरून २ लाख देतो.

ज्यांना एवढाही हप्ता जड वाटतो त्यांच्यासाठी एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे ‘आरोग्य संजीवनी’ ही समान अटींची पॉलिसी आहे. तिच्यात प्रत्येक दाव्याचा ५ टक्के भाग विमाधारकाने सोसावयाचा असतो व खोलीभाड्यावर मर्यादा असते. वृद्ध आई-वडिलांना कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत घेऊ नये. अशा पॉलिसीचा हप्ता सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या वयावर ठरतो.

हंगामी उत्पन्न असणाऱ्यांना मासिक, तिमाही वा सहामाही हप्त्यांची सोय उपयुक्त आहे. मासिक हप्त्यास १५ व इतरांस ३० दिवसांची सवलत मुदत असते. ती उलटल्यास पॉलिसी खंडित होऊन प्रतीक्षेची वर्षे वाया जाऊ शकतात. म्हणून हंगामातील जमेतून हप्त्याची रक्कम वेगळी काढून ठेवावी.

करांच्या बाजूने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. ही सूट समूह विम्यास लागू नसल्याने संघटनेमार्फत विमा घेताना तुलना करावी. दुसरे असे की १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०ड ने स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजार व ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५० हजारांपर्यंत वजावट दिली आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती पुढे चालू ठेवण्यात आली. मात्र ती जुन्या करप्रणालीची निवड करणाऱ्यांसच मिळते, आणि हप्ता रोखीने भरल्यास मिळत नाही. स्वतःचा आरोग्यविमा हा व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविता येत नाही, हेही विसरू नये.

७. थांबलेल्या उत्पन्नाचे काय?

आरोग्यविमा रुग्णालयाचे बिल भागवितो, बंद दवाखान्याचे भाडे व मदतनिसाचा पगार भागवीत नाही. घाटरस्त्यावर अपघात होऊन डॉक्टरचा उजवा हात तीन महिने प्लॅस्टरमध्ये राहिला, तर बिलापेक्षा ही हानी मोठी ठरू शकते. यासाठी अपंगत्वाचे व तात्पुरत्या अक्षमतेत साप्ताहिक भरपाईचे संरक्षण देणारा वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्रपणे घ्यावा. वार्षिक २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयोगटातील बँक खातेदारास उपलब्ध आहे. मात्र तिच्यात साप्ताहिक भरपाई नाही. यांखेरीज काही महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत सहज काढता येईल अशी ठेवावी.

८. निष्कर्ष व सूचना

१) शासकीय योजनेचे कार्ड, मध्यम मूळ पॉलिसी, सुपर टॉप-अप आणि अपघात विमा, या क्रमाने संरक्षण उभारावे.
२) पॉलिसीची निवड हप्त्याच्या आकड्यावर न करता खोलीभाडे, प्रतीक्षा कालावधी व जवळच्या रुग्णालयांवर करावी.
३) दावा नाकारल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, नंतर विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही व वकिलाची आवश्यकता नसते.
४) औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या व वाणिज्य शाखांच्या प्राध्यापकांनी एखादी प्रत्यक्ष पॉलिसी वर्गात वाचून घ्यावी. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या स्वतःचे दुकान, प्रयोगशाळा वा दवाखाना उघडणार आहेत, आणि त्या दिवशी त्यांच्या मागे कोणीही मालक उभा नसेल.

भंडारदऱ्यासारख्या परिसरात एक डॉक्टर दीर्घकाळ अंथरुणास खिळला तर केवळ त्याचे कुटुंब अडचणीत येत नाही. कर्जबाजारी होऊन त्याने दवाखाना बंद केला, तर आसपासच्या वाड्या-पाड्यांतील रुग्णांना तापासाठीही अकोले गाठावे लागेल. म्हणून या वर्गाचा आरोग्यविमा हा त्याचा खाजगी प्रश्न न राहता ग्रामीण आरोग्यसेवेच्या सातत्याचा प्रश्न ठरतो.