खाणीत राबलेले कार्ड

खाण म्हटली की आम्हां गोमंतकीयांच्या डोळ्यांसमोर लोहखनिजाचे तांबडे डोंगर आणि मांडवीतून जाणाऱ्या बार्जी उभ्या राहतात. परंतु आमच्या दहावीतील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी निराळ्याच खाणीविषयी आम्हांस विचारले. दोन वर्षे साठविलेल्या पैशांतून त्याला संगणकासाठी जुने ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे होते. ते आभासी चलनाच्या 'खाणकामात' राबले असल्याने स्वस्त देतो, असे विकणाऱ्याने सांगितले होते. "सर, असे कार्ड झिजलेले असते काय?" हा त्याचा प्रश्न. त्याचेच उत्तर येथे देत आहोत.

या खाणीत कुदळ नाही की फावडे नाही. बिटकॉइन हे चलन 2009 साली अवतरले. ईथेरियमचे जाळे 2015 साली सुरू झाले. अशा चलनाची खातेवही एका पेढीपाशी नसून असंख्य संगणकांवर असते. वहीला नवे पान जोडण्याचा मान मिळावा म्हणून संगणक आकड्यामागून आकडा ताडून पाहत एका कोड्याचे उत्तर शोधीत राहतात. ज्याला ते प्रथम सापडेल त्याला नवी नाणी बक्षीस! एकाच वेळी हजारो गणिते करणारी ग्राफिक्स कार्डे या कामास फार सोयीची पडली आणि ईथेरियमसाठी रात्रंदिवस राबू लागली. पुढे 15 सप्टेंबर 2022 रोजी ईथेरियमने ही पद्धतच सोडून दिली. साहजिकच बेकार झालेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली.

आता झिजेचा हिशेब मांडू. वर्षाचे तास 8,760. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचे कार्ड वर्षाकाठी 730 तास चालते. म्हणजे खाणीतील एक वर्ष खेळातील बारा वर्षांएवढे! हे ऐकून कोणीही दचकेल. परंतु यंत्राचे वय केवळ तासांनी मोजता येत नाही.

कंदिलाची काच रात्रभर तापली तरी तडकत नाही. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की मात्र तडा जातो. कार्डाचेही काहीसे तसेच आहे. त्यातील चिप बारीक डाखांनी पाटीला जोडलेली असते. तापताना सर्व पदार्थ सारखे प्रसरण पावत नाहीत. म्हणून वारंवार तापणे आणि निवणे झाले की डाखांवर ताण पडून सूक्ष्म भेगा पडू शकतात. खेळणाऱ्याचे कार्ड पुनःपुन्हा तापते आणि निवते. खाणीतील कार्ड बहुधा एकाच तापमानावर राहते. शिवाय जाणते खाणवाले विजेचा खर्च वाचविण्यासाठी चिपचा विद्युत्‌दाब कमी ठेवीत.

तथापि दुसरी बाजूही आहे. पंखा हा फिरता भाग. त्याचे बेअरिंग तासांनीच झिजते. चिपची उष्णता वाहून नेणारे मलम आणि मऊ पट्ट्या कालांतराने सुकतात. ईथेरियमचे गणित स्मृतीच्या चिपांवर विशेष भार टाकी. 2020 साली आलेल्या काही कार्डांत तर त्यांचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर जात असे. उष्णता व विद्युत्‌प्रवाह यांच्या योगाने चिपमधील तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात, आणि तापमान चढेल तसा हा वेग झपाट्याने वाढतो. त्यात धूळ आणि आमच्या किनाऱ्यावरील खारी, दमट हवा यांची भर पडली तर विचारूच नये.

तात्पर्य, खाणकामाने कार्ड झिजते खरे. पण त्याचा घात होतो तो मुख्यतः अति उष्णता, धूळ आणि हेळसांड यांमुळे. नीट निगा राखलेल्या कार्डाची चिप बहुधा शाबूत असते; थकलेला असतो तो पंखा, आणि पंखा बदलता येतो.

आम्ही त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले: कार्ड अर्धा तास पूर्ण भाराने चालवून पाहा, तापमान वाच, पंख्याचा आवाज ऐक, पाटीवर गंज आहे काय ते बघ, मूळ आज्ञावली बदलली आहे काय ते विचार आणि खरेदीची पावती माग. त्याने तसे केले. पंखा घरघरत होता. नव्या पंख्याची किंमत वजा करून सौदा ठरला.

विद्यार्थिमित्रहो, त्या विक्रेत्याने कार्ड खाणीत राबल्याचे लपविले नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. राबलेल्या वस्तूस भिण्याचे कारण नाही. भ्यावे ते तिची हकीगत दडविणाऱ्यास, आणि न तपासता पैसे मोजणाऱ्या आपल्या घाईस!