बोटीवरचा पोशाख : दासगाव बंदरापासून आजच्या क्रूझपर्यंत

यंदा एप्रिल महिन्यात पोलादपूरच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय सत्तरीच्या पुढे. मुलाने आणि सुनेने त्यांना सिंगापूरहून सुटणाऱ्या एका क्रूझचे तिकीट काढून दिले होते. त्याबरोबर कंपनीची सूचनापत्रिका होती. त्यातल्या दोन ओळींखाली बाईंनी पेन्सिलीने रेघ मारली होती.

‘‘भाऊ, यात ‘फॉर्मल नाइट’ असं दोनदा लिहिलंय. मी तर आयुष्यभर नऊवारीच नेसत आले. जेवायला आत घेतील ना मला? की माझ्यापायी मुलाला मान खाली घालावी लागेल?’’

मी स्वतः क्रूझवर कधी गेलेलो नाही. सावित्री नदीच्या खाडीतली जुनी जलवाहतूक आणि कोकणच्या आगबोटी या विषयावर मात्र गेली बरीच वर्षे टिपणे काढतो आहे. बाई त्यासाठीच आल्या होत्या. त्यांच्या प्रश्नाने मला नवे वाचन करायला लावले. त्यातून लक्षात आले ते असे : बोटीवरच्या नियमांचे तीन थर असतात. पहिला जीव वाचवण्याचा, दुसरा एकमेकांना त्रास न देण्याचा आणि तिसरा दर्जा मिरवण्याचा. सूचनापत्रिकेत तिन्ही एकाच सुरात छापलेले असतात, त्यामुळे नवा प्रवासी तिन्हींना सारखाच घाबरतो. ते वेगळे करून वाचता आले की भीती उरत नाही.

आधी तिसरा थर पाहू, कारण बाईंचा प्रश्न त्यातलाच होता. संध्याकाळच्या जेवणासाठी खास कपडे घालण्याची रीत इंग्रजांच्या प्रवासी जहाजांवरून आली. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असे भाग असत. प्रत्येकाचे डेक वेगळे, जेवणघर वेगळे. पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी काळा कोट आणि बो, स्त्रियांनी पायघोळ झगा घालावा असा प्रघात होता. मात्र प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री त्यातून सूट असे. कारण अगदी साधे. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या पुन्हा बांधलेल्या असत. सामानावर ‘प्रवासात लागणारे’ आणि ‘प्रवासात न लागणारे’ अशी लेबले लावण्याची पद्धत होती. दुसऱ्या प्रकारचे सामान थेट तळघरात जाई. आजच्या क्रूझवरही फॉर्मल नाइट सहसा पहिल्या किंवा शेवटच्या रात्री नसते. ट्रंका गेल्या, चाकांच्या बॅगा आल्या, पण वेळापत्रक तेच राहिले.

हा प्रघात सगळ्यांनी पाळला असेही नाही. 29 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले, ते दुसऱ्या वर्गाचे प्रवासी म्हणून, आणि आपल्या नेहमीच्या पंचा-चादरीत. त्याच्या आदल्या वर्षी, 4 ऑक्टोबर 1930 रोजी, पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने गेले. बाबासाहेबांचा कोट-टायचा नेटका पोशाख सर्वांना ठाऊक आहे. एकाने साहेबी कपडे नाकारून स्वाभिमान दाखवला, दुसऱ्याने ते अंगावर घेऊन दाखवला. कपड्याचा अर्थ तो कोणाच्या अंगावर आहे आणि त्याला आजवर काय घालायची मनाई होती, यावर ठरतो. हे महाडइतके दुसऱ्या कोणत्याही गावाने जवळून पाहिलेले नाही.

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. महाडच्या खाली काही मैलांवर दासगाव बंदर आहे. आज महामार्गावरून जाताना ते बंदर होते हे सांगूनही खरे वाटत नाही, पण रस्ते सुधारण्याआधी या भागाचा मुंबईशी मोठा व्यवहार भरतीच्या पाण्यावर चाले. मुंबईची आगबोट आणि खाडीतली लहान बोट हा एक रस्ता. धरमतरला उतरून पुढे मोटारीने महाड हा दुसरा.

डिसेंबर 1927 मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरचा रस्ता जवळचा होता. पण मोटारवाले सत्याग्रहींवर बहिष्कार घालतील अशी धास्ती होती. म्हणून 24 डिसेंबरला ते सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले. तिथे हजारो माणसे त्यांची वाट पाहत होती. मोटारीच्या बाकड्यावर जात पाहिली जाईल अशी भीती होती, बोटीने मात्र तिकिटाचे पैसे घेतले आणि नांगर उचलला. कंपनी काही समाजसुधारक नव्हती, तिला भाड्याशी मतलब. पण ज्याला सार्वजनिक तळ्यावर ओंजळभर पाणी मिळत नव्हते, त्याच्यासाठी ‘पैसे भरले की जागा मिळते’ हा कोरडा व्यवहारसुद्धा मोठा होता.

त्याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वज्ञात आहे. परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाची चर्चा त्या मानाने कमी होते. ते भाषण पोशाखावर होते. लुगडे गुडघ्यापर्यंत वर नेसू नका, इतर स्त्रियांसारखे पायघोळ नेसा, हलक्या धातूचे जड दागिने अंगावर वागवू नका, कारण त्यांवरून तुमची जात दुरून ओळखली जाते, असा त्याचा आशय होता. स्त्रियांनी ते लगेच मनावर घेतले आणि नेसण्याची पद्धत बदलली. ‘ड्रेस कोड’ हा शब्द तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, पण ती गोष्ट गावोगाव होती. जहाजावरचा ड्रेस कोड पैसे भरलेल्या माणसाला ‘हे घालून ये’ असे सांगतो. गावातला ‘तू हे घालायचे नाहीस’ असे सांगत असे, आणि त्यातून पैसे भरूनही सुटका नव्हती. हा फरक ध्यानात ठेवला, तर फॉर्मल नाइटचे भय किती लहान आहे ते कळते.

आता आजचे नियम. बहुतेक क्रूझवर दिवसा कपड्यांचे बंधन नसते. संध्याकाळी मुख्य जेवणघरात पोहण्याचे कपडे, बनियन आणि रबरी चपला चालत नाहीत. पुरुषांनी कॉलरचा शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट घातली की साध्या रात्रीचे काम भागते. सात रात्रींच्या सफरीत साधारण एक-दोन रात्री फॉर्मल असतात. तेव्हा कोट, बंदगळा, शेरवानी किंवा जाकिटासह कुडता चालतो. साडी, मग ती पाचवारी असो वा नऊवारी, पूर्ण औपचारिक पोशाखात मोडते. अनेक कंपन्यांच्या नियमांत ‘आपापला राष्ट्रीय पोशाख’ असा शब्दच असतो. आणि ज्याला नटायचेच नाही त्याच्यासाठी त्या रात्रीही बुफे उघडा असतो. तिथे कोणी हटकत नाही. आपल्याकडे मुंबईहून 2018 साली ‘आंग्रिया’ आणि 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ सुरू झाली. अशा देशी सफरींवर वातावरण आणखी मोकळे असते.

दुसरा थर एकमेकांना त्रास न देण्याचा. तो कोकणच्या आगबोटीवर प्रवास केलेल्यांना नवा वाटणार नाही. त्या बोटींवर थोडी जागा वरच्या वर्गाची आणि बाकी सारा डेक. बोटीवर चढताच वळकटी सोडून पथारी टाकायची, म्हणजे जागा आपली. आज क्रूझवर पोहण्याच्या तलावाशेजारच्या खुर्च्यांवर लोक सकाळीच टॉवेल टाकून ठेवतात. ती पथारीच! कंपन्यांना त्याविरुद्ध नियम करावे लागले आहेत. ठराविक वेळ खुर्ची रिकामी दिसली की कर्मचारी टॉवेल उचलतात. तीच गोष्ट उतरण्याची. कोकणातल्या बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि पडावातून माणसे किनाऱ्याला जात. उथळ बंदरांत मोठी क्रूझही अशीच बाहेर थांबते आणि लहान बोटींनी प्रवासी उतरवते. तेव्हा रांग मोडू नये, हात पुढे करणाऱ्या खलाशाचा आधार घ्यावा, हातात जास्त पिशव्या नसाव्यात. आमच्या आज्यांना हे कोणी छापून दिले नव्हते.

बुफेच्या दाराशी हात धुवायला सांगतात, त्यात अपमान मानू नये. बंद जहाजात उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस एकाकडून शेकडो जणांत पसरू शकतो. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास तिकीट काढतानाच कळवावे. घरचे शिजवलेले पदार्थ घेऊन चढता येत नाही. बक्षिशी अनेक कंपन्या दर दिवसाच्या हिशेबाने खात्यातच लावतात, म्हणून खर्च मांडताना ती आधीच धरावी. आणि खोली आवरणाऱ्या, ताट लावणाऱ्या माणसाशी ‘अरे-तुरे’ करू नये. पी. अँड ओ.च्या काळापासून जेवणघरात गोव्याची माणसे आणि डेकवर गुजरात-रत्नागिरीकडची माणसे राबत आली आहेत. सावित्रीच्या काठच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतही जहाजावरची नोकरी पिढीजात आहे. तो वाढपी कदाचित आपल्याच तालुक्यातला निघेल.

सवलतींचे गणितही समजून घ्यावे. कंपन्या प्रवाशाने बोटीवर काढलेल्या रात्री मोजतात आणि त्यावर गुण देतात. महागड्या खोलीला गुण जास्त. गुण वाढले की पायरी वाढते. आधी बोटीवर चढणे, उतरण्याच्या लहान बोटीत आधी जागा, कपडे धुण्यात किंवा इंटरनेटमध्ये सूट, एखादी मेजवानी. काही जहाजांवर तर महाग खोल्यांच्या प्रवाशांसाठी वेगळा डेक आणि वेगळे जेवणघर असते, ज्याचे दार त्यांच्याच कार्डाने उघडते. म्हणजे पहिला वर्ग नावापुरता गेला आणि कार्डाच्या रूपाने परत आला. यात फुकट काही नाही, भाड्यातच सारे धरलेले असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने या पायऱ्यांकडे पाहून स्वतःला कमी लेखू नये आणि पुढच्या पायरीसाठी कर्ज काढून दुसरी सफरही करू नये.

राहिला पहिला थर, जिथे कोणत्याही कार्डाला सूट नाही. 1912 साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर 1914 मध्ये समुद्रावरील जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, त्यानंतर नियम आणखी कडक झाला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाला संकटकाळी कुठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे हे शिकवावे लागते. त्या वेळी खोलीत झोपून राहणे हा सर्वांत मोठा असभ्यपणा. खोलीत इस्त्री, पाणी तापवायची कांडी, मेणबत्ती, उदबत्ती यांना बंदी असते. देवापुढे दिवा लावायची सवय असलेल्यांना हे जड जाते, पण समुद्रावर आगीपासून पळायला अंगण नसते.

आपल्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी 11 नोव्हेंबर 1927 रोजी, म्हणजे ‘पद्मावती’ दासगावकडे निघाली त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या होत्या. सत्याग्रही बोटीत चढले तेव्हा ही आठवण ताजी असणार.

बाईंना मी हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगितले नव्हते. एवढेच म्हणालो, ‘‘बाई, तुमची नऊवारी बिनधास्त न्या. इस्त्री तेवढी नेऊ नका. आणि जाकीट बांधायला शिकवतील तेव्हा पुढे उभ्या राहा.’’

जूनमध्ये त्या परत आल्या. फॉर्मल नाइटला त्या जांभळी नऊवारी नेसल्या होत्या, तसा फोटो दाखवला. जेवणाबद्दल फारसे बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘भाऊ, ते जाकीट पदरावरून नीट बसेना. तिथल्या मुलीला थांबवून ठेवलं आणि पदर खोचून दोनदा बांधून पाहिलं. मागची माणसं खोळंबली होती, पण म्हटलं, हे आलंच पाहिजे.’’