एक्क्याची जोडी आली म्हणजे डाव जिंकला?

लक्ष्मीपूजन आटोपलं, फराळाची ताटं सरली की बुऱ्हाणपुरातल्या कितीतरी मराठी घरांत सतरंजी अंथरून तीन पत्तीचा डाव बसतो. त्याच सतरंजीवर पोकर मांडणाऱ्यांची, म्हणजे बहुधा टेक्सास होल्डेम खेळणाऱ्यांची, पहिली चूक ठरलेली असते. तीन पत्तीत मुरलेली सवय ते जशीच्या तशी पोकरमध्ये आणतात आणि चांगली पानं हातात असूनही हरतात.

तीन पत्तीत तिन्ही पानं वाटपातच मिळतात, नंतर नवं पान नाही. होल्डेममध्ये हातात दोनच पानं येतात. मग मधे सगळ्यांसाठी आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पानं उघडतात, आणि सातांतली उत्तम पाच धरायची असतात. तिकडे ट्रेल, म्हणजे एकसारखी तीन पानं, लागला तर तो पुरा झालेला हात असतो. इकडे एक्क्याची जोडी ही नुसती सुरुवात.

गैरसमज: एक्क्याची जोडी हरत नाही.

ही जोडी सरासरी 221 वाटपांत एकदा येते, म्हणून ती आली की माणूस हुरळतो. समोर एकच भिडू असेल आणि त्याच्याकडे कुठलीही दोन पानं असतील, तर शेवटपर्यंत ती सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. चार भिडू टिकून राहिले तर हा आकडा 56च्या आसपास येतो, आणि आठ जण राहिले तर जेमतेम 35. पानं तीच, पण समोर किती जण आहेत त्यावर त्यांचा जोर ठरतो.

गैरसमज: भारी पानं लपवून खेळावीत.

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. तीन पत्तीत ती बरोबर आहे. ट्रेल असेल तर छोटी चाल करत राहा, बाकीचे गुंतत जातील, तुमचा हात काही बिघडत नाही. होल्डेममध्ये मात्र तुम्ही गप्प बसलात की बाकीच्यांना पुढची पानं स्वस्तात बघायला मिळतात.

चिंचोके लावून एक डाव मांडून बघू. सहा जण बसलेत, बिग ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी लावायची सक्तीची रक्कम, दोन चिंचोक्यांचा आहे. तुमच्याकडे राजाची जोडी आली. तुम्ही काही न वाढवता दोन चिंचोके टाकले, बाकीच्यांनीही तेवढेच टाकले. मधे बारा चिंचोके जमले. पहिली तीन पानं उघडली: बदामचा एक्का, किलवरची नव्वी, चौकटची चव्वी. आता समोर पाच जणांच्या हातात दहा पानं आहेत आणि बाहेर तीन एक्के उरलेत. सगळे सरसकट राहिले असं धरून हिशोब केला, तर त्या दहांत निदान एक एक्का असण्याची शक्यता 52 टक्के येते. समोर एकच जण असता तर ती साडेबारा टक्के होती. तुम्ही सुरुवातीलाच सात-आठ चिंचोके केले असते, तर एक्का-तिर्री किंवा नव्वी-चव्वी धरून बसलेले बरेच जण तिथेच पॅक झाले असते. जो राहिला असता, त्याने निदान पुरती किंमत मोजली असती.

म्हणून एक्का, राजा, राणी यांची जोडी आली की पहिल्याच फेरीत वाढवा. बिग ब्लाइंडच्या तिप्पट, आणि आधी कोणी नुसतं कॉल करून बसलं असेल तर प्रत्येकामागे आणखी एक बिग ब्लाइंड, हा अंदाज बहुतेक ठिकाणी चालतो. वाढवायचं ते कुणाला घाबरवायला नव्हे, तर आपण पुढे असताना डाव मोठा करायला. मात्र मधे इस्पिकची अठ्ठी, नव्वी, दश्शी उघडली, तुमच्या दोन्ही एक्क्यांत इस्पिक नाही आणि दोघे जण एकामागून एक वाढवतायत, तर एक्के टाकून द्या. पक्का खेळाडू मी यातच ओळखतो.

गैरसमज: एक्का-राजा म्हणजे जोडीच्या तोलाचा हात.

हात चांगला आहे, वाढवण्याजोगाही आहे, पण अजून त्याच्यात काहीच जमलेलं नाही. पहिल्या तीन पानांत एक्का किंवा राजा येण्याची शक्यता साधारण तिनात एक. सगळी पानं उघडेपर्यंत दुर्रीची जोडीदेखील त्याच्यापेक्षा किंचित पुढे असते. दोन्ही पानं एकाच रंगाची असली तर फायदा दोन ते चार टक्क्यांचाच. पहिल्या तीन पानांतच कलर पुरा होणं 119 वेळांत एकदा घडतं. केवळ रंग जुळला म्हणून गुलाम-दुर्री खेळणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

गैरसमज: सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा.

तीन पत्तीत मोठाच. तीन पानांच्या एकूण 22,100 हातांत सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत हे उलटतं: सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. त्यामुळे पोकरमध्ये कलर वरचढ. नवख्या बैठकीत भांडणं यावरूनच होतात, तेव्हा पानं पिसण्याआधी हा क्रम सगळ्यांना सांगा.

गैरसमज: दिवाळीत पैसे लावले तर चालतं.

कायद्यात सणाची सवलत नाही. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात येतं, तिथे 1867चा सार्वजनिक जुगार अधिनियम लागू आहे, आणि पलीकडे रावेरला गेलात तर महाराष्ट्राचा 1887चा. सुप्रीम कोर्टाने 1967 साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, पण पोकरबाबत उच्च न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगारच ठरवलं. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर तर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे.

घरी चिंचोक्यांवर खुशाल खेळा, पोरांना शक्यतेचं गणितही त्यातच शिकवता येतं. पण एखादं ॲप आधी पैसे भरायला सांगत असेल तर भरू नका, आणि फसवणूक होऊन पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.