पाण्याला वाट हवी

सई, चप्पल काढ आणि हरिपूरच्या या घाटावर पाण्यात पाय सोडून बस. ही आपली कृष्णा, आणि समोरून येऊन मिळते ती वारणा.

कृष्णा निघते महाबळेश्वरातून. तिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि इथं सांगलीत जेमतेम ५००-६००. म्हणून इथं ढग फिरकला नाही तरी पूर येऊ शकतो. घाटातून धावत उतरलेली ही बया कराडला कोयनेला पोटात घेते. पुढं उतारच संपतो, मग नागमोडी, रमतगमत चालते. त्यात वारणा फुगली की संपलंच! दारात गर्दी झाली की मागचे खोळंबतात ना, तसं पाणी मागं तुंबतं. २०१९च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट! पुराच्या जागेत घरं बांधायची आणि वर नदीलाच शिव्या घालायच्या, हे मला कधी पटलं नाही.

पूर गाळही ठेवून जातो. त्या मळीच्या जमिनीतली वांगी तू काल चाटूनपुसून खाल्लीस.

आता ही पुडी उघड. आपल्या खालच्या वावरातली माती आहे. वरचा पांढरा थर बोटावर घेऊन जिभेला लाव. खारट ना? उसाला पाटानं पाणी सोडत गेलो, वर्षानुवर्षं. काळ्या मातीतून ते लवकर झिरपेना, जमिनीखाली साठत वर आलं. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी चढतं. उन्हानं पाणी उडून जातं, विरघळलेले क्षार मागं राहतात. अशा मीठफुटीत ऊस पिवळा पडतो, पुढं तर उगवतच नाही. शिरोळ तालुक्यात अशी रानंच्या रानं पडून आहेत.

उपाय आहे. जमिनीखाली भोकं पाडलेले पाईप पुरायचे. पाण्याबरोबर क्षार निथळून पाईपमधून ओढ्याला जातात. पण ओढा मोकळा हवा.

आपल्या बांधालाही एक ओढा होता. तू त्यात होड्या सोडल्या असत्यास. चार सऱ्या ऊस वाढेल म्हणून मीच तो मुजवला. ही पुडीतली माती त्याच्याच वरच्या अंगाची.