चौकटीवरचा जुना रंग

अमरावतीला अंबागेटच्या आतल्या किंवा अकोल्याला मोर्णेकाठच्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या घराची सागवानी चौकट नीट निरखून पाहा. जेथे रंगाचा टवका उडाला असेल तेथे कडेला एकाखाली एक थर दिसतील : वर हिरवा, त्याखाली पिवळा, मग राखाडी आणि तळाशी पांढरे किंवा शेंदरी अस्तर. दर लग्नकार्याला एक हात चढत गेलेला असतो. शेवटी थर इतके जाड होतात, की पावसाळ्यात लाकूड फुगले म्हणजे दार चौकटीत बसेनासे होते. मग रंगारी येतो, कोरडा पॉलिश पेपर घासू लागतो, आणि घरभर धूळ उडते. ही धूळ मात्र अंगणातल्या मातीसारखी नव्हे.

तेलरंगाचा पाया म्हणजे आपल्या विदर्भातही पिकणाऱ्या जवसाचे तेल. हे तेल ‘वाळते’ असे आपण म्हणतो. पण ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात व चिवट पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यात रंगाची पूड अडकलेली असते, आणि पूर्वी ती पुष्कळदा शिशाच्या संयुगांची असे. शिशाचा सफेदा, शेंदूर, क्रोम पिवळा ही सारी शिशाचीच भावंडे. क्रोम पिवळ्यात निळा मिसळून हिरवाही करीत. इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरण्यावर काही अपवाद वगळता बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्येच जिनिव्हाला झाला होता. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० भागांपेक्षा जास्त नकोत, हा नियम लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून! त्याआधीच्या थरात शिसे आहे असेच धरून चालावे.

शिसे काही अंशी कॅल्शियमसारखे वागते, त्यामुळे शरीर ते हाडांत आणि दातांत साठवते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले व १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत आणि वर्गातल्या एकाग्रतेत मागे होती. वरून पाहता त्यांना काहीच झालेले नव्हते.

आता धुळीचे गणित पाहू. पाण्याच्या घनतेचा, एक दशांश मिलिमीटर व्यासाचा कण दोन मीटर उंचीवरून स्थिर हवेत सोडला तर सुमारे आठ सेकंदांत खाली येतो. त्याच्या एक दशांश, म्हणजे १० मायक्रॉन व्यासाचा कण सुमारे ११ मिनिटे घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला सोळा तास लागतात! रंगाची पूड पाण्याहून जड, तेव्हा ती याहून लवकर बसेल. तरी काम आटोपून रंगारी घरी गेला, घरात जेवणे झाली, तरी बारीक कण तरंगतच असतात. त्यात वऱ्हाडातला उन्हाळा. कूलर चालू असला, की तो हीच धूळ स्वयंपाकघरापर्यंत पोचवतो. म्हणून पहिली गोष्ट, कूलर आणि पंखा बंद.

दुसरी गोष्ट पाणी. पृष्ठताणामुळे ओले कण एकमेकांना व लाकडाला चिकटून राहतात. फवाऱ्याने वीतभर भाग भिजवावा, मग पत्र्याने खरवडावा. मे महिन्याच्या दुपारी पाणी बघता बघता उडते. तेव्हा सकाळीच काम उरकावे आणि पुन्हा पुन्हा फवारावे. शेवटची घासणीही पाणपेपरने, ओलीच. खाली जाड प्लास्टिक अंथरावे. हे काम मोठ्यांचे. त्यांनी बारीक कण अडवणारा मुखवटा लावावा. साधा रुमाल पुरत नाही. मुलांनी आणि गरोदर बाईने त्या दिवशी दुसऱ्या घरी असावे.

ब्लोलॅम्पने रंग झटकन सुटतो खरा. पण ज्योतीचे तापमान हजार अंशांच्या वर जाते आणि शिशाची वाफ हवेत मिसळते. गरम हवेचे यंत्र मंद ठेवून वापरता येते. कॉस्टिक सोड्याने तेलाचा पापुद्रा साबण बनून सुटतो, पण सागवान काळवंडते आणि हातही भाजतात.

काम झाले, की झाडू मुळीच मारू नये. प्लास्टिकची घडी आतल्या बाजूस घालावी, साबणाच्या पाण्याने फरशी दोनदा पुसावी, फडके वेगळ्या बादलीत पिळावे. खपल्या परसात टाकू नयेत. जुने रंगीत लाकूड बंबात घालण्याची चाल तर सोडलीच पाहिजे. ती वाफ आणि राख दोन्ही विषारी.

रंग घट्ट असेल तर न खरवडता त्यावर नवा हात देणे केव्हाही बरे. पण दार जेथे चौकटीला घासते तेथे ही युक्ती चालत नाही, कारण दर उघडझापीला तिथून भुकटी झडते. तेवढी कड तरी ओली करून सोलावी.

उघड्या सागवानाला मग बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवस तेलाचा, हात द्यावा. तेल पुसलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडते, चिंध्यांच्या बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती दोरीवर मोकळी वाळत घालावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.