हिरड्यांतून रक्त येतेय? ब्रश थांबवू नका!

दात घासताना थुंकीत रक्ताची लाल रेघ दिसली, की बहुतेकजण दोन गोष्टी करतात. त्या जागी ब्रश फिरवणे बंद करतात आणि चार दिवस मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करतात. हिरडी फारशी दुखत नसल्याने विषय तेथेच संपतो. वास्तविक उपचारासाठी हाच काळ सर्वांत अनुकूल असतो. या टप्प्यावरचा हिरड्यांचा दाह पूर्ण बरा होऊ शकतो. दाताभोवतीचे हाड झिजू लागल्यानंतर मात्र ती हानी सहसा भरून येत नाही.

सूज कशामुळे?

प्रत्येकाच्या दातांवर जंतूंचा एक चिकट, रंगहीन थर सतत साचत असतो. त्याला प्लाक म्हणतात. दात आणि हिरडी जेथे मिळतात, त्या कडेला तो अधिक जमतो. तो वेळच्या वेळी निघाला नाही, तर लाळेतील कॅल्शियममुळे कडक होतो आणि त्याचे किटण बनते. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो. या जंतूंचा प्रतिकार करण्यासाठी शरीर हिरडीकडील रक्तपुरवठा वाढवते. त्यामुळे हिरडी सुजते, मऊ पडते आणि जरा धक्का लागताच रक्त येते.

याचा पुरावा १९६५ साली मिळाला. डेन्मार्कमधील आरहूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात स्वच्छ करणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्याच हिरड्यांना सूज आली. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात ती ओसरली. रक्त येते म्हणून ब्रश थांबवणे म्हणजे आजाराला खतपाणी घालणे, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात. त्यामुळे लालीवर विसंबून राहता येत नाही. दात घासताना किंवा पेरूसारखे फळ चावताना रक्त येणे, हिरडीची कड फुगणे आणि तोंडाला सतत दुर्गंधी येणे या खुणा अधिक महत्त्वाच्या.

पुढची पायरी : पायरिया

दाह दीर्घकाळ राहिला, तर काही जणांमध्ये तो हिरडीखाली उतरतो. हिरडी दातापासून सुटते आणि तेथे पोकळी तयार होते. निरोगी दाताभोवतीची फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. त्याहून खोल पोकळीत घरचा ब्रश पोहोचत नाही. आत हाड झिजत राहते, हिरडी खाली सरकते, दात लांब दिसू लागतात आणि अखेर हलू लागतात. दंतवैद्यक यालाच पेरिओडॉन्टायटिस म्हणते. बोलीभाषेतील नाव पायरिया. या साऱ्या प्रवासात वेदना फारशी नसते, हाच त्यातला मोठा धोका आहे.

तंबाखूचा बुरखा

धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार अधिक प्रमाणात आणि अधिक तीव्र आढळतो. मात्र त्यांच्या हिरड्यांतून रक्त तुलनेने कमी येते. त्यामुळे वरवर सारे ठीक दिसते आणि आत हाड झिजत असते.

महाराष्ट्रात मिश्रीचा प्रश्न वेगळा आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्याच्या निमित्ताने वापरली जाते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर देशात १९९२ साली बंदी आली. घरी भाजलेली मिश्री मात्र सुटली नाही. मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. उलट तंबाखूचे व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मधुमेह, गर्भावस्था आणि औषधे

मधुमेह नियंत्रणात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो. उलट हिरड्यांतील दीर्घकालीन दाहामुळे रक्तातील साखर आटोक्यात आणणे अवघड जाते. पायरियावर उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत थोडी सुधारणा होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून मधुमेहींनी डोळ्यांइतकीच हिरड्यांची तपासणीही नियमित करून घ्यावी.

गर्भावस्थेत संप्रेरकांच्या बदलामुळे हिरड्या लवकर सुजतात. या काळात दातांची सफाई सुरक्षित असते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी अधिक सोयीचा. फिट्सवरील फेनिटॉइन आणि रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन यांसारख्या काही औषधांनी हिरडी वाढू शकते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

उपचार काय?

मिठाच्या गुळण्यांनी किंवा लवंगेच्या तेलाने तात्पुरता आराम पडतो. पण साचलेले किटण निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढावे लागते. या सफाईला स्केलिंग म्हणतात. पोकळी खोल असेल तर दाताच्या मुळाचा पृष्ठभागही स्वच्छ करतात. तेवढ्याने भागले नाही तर हिरडीची शस्त्रक्रिया करतात.

स्केलिंगने दात सैल होतात, हा समज चुकीचा आहे. अनेक वर्षे फटींत बसलेले किटण निघाले, की त्या फटी मोकळ्या जाणवतात आणि सूज उतरल्याने दात उघडे दिसतात. काही दिवस थंड पाणी लागून झिणझिण्या येतात, त्या सहसा ओसरतात. दात सैल होतात ते हाड झिजल्यामुळे.

क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या सल्ल्यानेच आणि मोजके दिवस कराव्यात. दीर्घ वापराने दातांवर डाग पडतात. किटण तसेच ठेवून केवळ प्रतिजैविके घेण्यात अर्थ नाही.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात अल्प दरात उपचार मिळू शकतात.

घरी काय करावे?

* मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून, जोर न लावता दोन मिनिटे दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये.
* दातांमधील फटी दोऱ्याने किंवा छोट्या ब्रशने रोज स्वच्छ कराव्यात.
* ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा.
* मिश्री, गुटखा, सिगारेट सोडावी.

नियमित स्वच्छता करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याकडे जावे. हिरडीतून पू येणे किंवा दात हलणे ही लक्षणे दिसताच विलंब करू नये. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडण्यास वा गिळण्यास त्रास किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम असेल तर ती तपासून घ्यावीच. रक्ताची पहिली रेघ दिसली तेव्हाच एक सफाई करून घेतली, तर पुढची शस्त्रक्रिया आणि कवळी दोन्ही टळू शकतात.